जाताना उजवीकडे, येताना डावीकडे

कॉलेजात मला 'पुरावा मॅडम' म्हणतात. कॅन्टीनमध्ये कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी मध्येच विचारते — किती वाजता? किती अंतरावरून? तुझ्याशिवाय आणखी कुणी पाहिलं का? मग सांगणाऱ्याचा मूड जातो आणि ऐकणारे माझ्यावर चिडतात. त्यामुळे या सदरासाठी मी काही लिहीन असं सहा महिन्यांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाही पुरावाच मागितला असता.

लिहू की नको असं करत तीन आठवडे गेले. आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणी दिसलं नाही, कुणी किंचाळलं नाही. जे झालं ते भर दिवसा झालं आणि त्यानं मला भीतीपेक्षा मनस्ताप जास्त दिला. अजूनही देतंय. कुणाकडे उत्तर असेल तर खरंच कळवा.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. नगर-सोलापूर रोडवर, मिरजगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडच्या कडेला कडुलिंब आणि समोर हायवे. वडील, म्हणजे अण्णा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. जवळच्या ठिकाणी अजून नंबर लागलेला नाही.

जाताना फारसं काही नसतं. त्रास येताना. डायलिसिस झालं की आईच्या अंगात उभं राहायचीही ताकद उरत नाही. एसटीत जागा मिळाली नाही तर ती खाली बसते, म्हणून अण्णा तिला मोटरसायकलवर आणायचे. पावसाळ्यात एकदा येताना ती मागे बसल्या बसल्या डुलकी लागून घसरलीच. मागचा टेम्पोवाला सावध होता म्हणून आई वाचली. त्या दिवसापासून अण्णा तिला उपरण्यानं स्वतःच्या कमरेला बांधून आणायला लागले. मी एकदा कॉलेजच्या बसमधून त्यांना तसं जाताना पाहिलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "बघ ना, कसं बांधलंय." ते माझे आई-वडील आहेत हे मी तिला सांगितलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात मी अण्णांना म्हणाले, "जुनी चारचाकी घेऊ. कुठलीही. चालत नसली तरी चालंल. आपण नीट करू."

"आपण म्हंजी कोण?"

"मी आहे ना."

हे वाक्य मी का बोलले याचा पुढे चार महिने मला पश्चात्ताप झाला.

गाडी सापडली घोडेगावात. तिथल्या जनावरांच्या बाजारात नाना म्हणून एक जुने दलाल होते, ते वारून सहा वर्षं झाली. त्यांची गाडी तेव्हापासून गोठ्यात उभी होती. एकेकाळी प्रत्येक मास्तरांच्या दारात दिसायची तसली छोटी पेट्रोल गाडी. मुळात पांढरी, पण गोठ्यातल्या धुळीनं शेणाच्या रंगाची झालेली. नानांचा मुलगा बाळासाहेब एका साखर कारखान्यात क्लार्क आहे. त्याला जनावरांतही रस नाही आणि गाडीतही. तरी सौदा मात्र त्यानं बापाच्या पद्धतीनं केला. अण्णांचा हात टॉवेलखाली घेतला आणि भाव सांगायला बोटं दाबली. अण्णांनी उलट बोटं दाबली. दोघांनी मान हलवली. किती बोटं ते आईला अजून माहीत नाही.

गोठ्याला उतार होता आणि गाडीचा हँडब्रेक तुटलेला होता. म्हणून नानांनी गाडी बैलासारखी बांधून ठेवलेली, पुढच्या हुकाला जाड, पिळदार दावं आणि दाव्याचं दुसरं टोक दावणीच्या खुंट्याला. अण्णांनी ते सोडलं, हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "भारी हाय. असलं आता मिळत न्हाई." त्याच दाव्यानं गाडी ट्रॅक्टरला जोडून आम्ही घरी आणली. घरी आल्यावर अण्णांनी दावं गुंडाळून डिकीत टाकलं. उपयोगी पडेल म्हणून.

दसरा झाला होता. माझा हिशेब असा होता की संक्रांतीपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची. त्याच्या पुढे ऊन तापतं, आणि उन्हात आईला मोटरसायकलवर आणणं म्हणजे... असो.

सुरुवातीचे दिवस खरं सांगायचं तर मजेचे होते. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलेलं. मागच्या सीटखाली कडबा निघाला आणि एक घुंगरू. कार्ब्युरेटर मी तीनदा उघडून धुतला. वायरी उंदरांनी इतक्या सफाईनं खाल्लेल्या की मला त्यांचं कौतुक वाटलं. अण्णांना ट्रॅक्टरची सवय, त्यामुळे ते प्रत्येक नट असा आवळायचे की पुढच्या जन्मी सुटेल. मी म्हणायचे, "अण्णा, पुस्तकात किती जोर लावायचा ते दिलेलं असतं." ते म्हणायचे, "पुस्तकाला हात हायेत का?" मिरजगावच्या गॅरेजचे सलीमभाई रविवारी येऊन नजर टाकून जायचे. अडलं तर तेच.

मग आम्ही ब्रेकच्या कामाला लागलो. पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली विटा आणि लाकडाचे ठोकळे लावले आणि दोन्ही चाकं काढली. चाक काढलं तरी ते ज्यावर बसतं ती लोखंडी थाळी जागेवर राहते आणि स्टीअरिंग फिरवलं की तीही वळते. गाडीचं तोंड हायवेकडे होतं, म्हणजे पश्चिमेला. मी दोन्ही थाळ्या सरळ केल्या आणि आम्ही जेवायला घरात गेलो.

परत आलो तर दोन्ही थाळ्या उजवीकडे वळलेल्या. अर्धवट नाही. पार टोकाला.

"अण्णा, तुमी हात लावला का?"

"मी तुझ्यासंगंच जेवत हुतो की."

सरळ केल्या. चहाला गेलो. परत उजवीकडे. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, उजवीकडे. मी अण्णांवर संशय घेतला, अण्णांनी माझ्यावर. आईनं दोघांवर घेतला. शेळी घासली असेल म्हणून शेळी पलीकडे बांधली. शेजारची पोरं येतात म्हणून शेडला जाळी लावली. फरशीवर खडूनं खुणा केल्या. रोज तेच. सरळ करा, अर्ध्या तासानं या, उजवीकडे.

सलीमभाई म्हणाले, "स्टीअरिंगचं आतलं काम ढिलं झालंय. वजनानं फिरतंय."

"मग कधीतरी डावीकडे का नाही फिरत?"

"ते तुमच्या पुस्तकात बघा."

मी मोबाईल विटांच्या ढिगावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटांनी वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. तिला असाइनमेंट हवी होती. रेकॉर्डिंग बंद. दुसऱ्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाकला, तर स्टोरेज भरलं. तिसऱ्या दिवशी पूर्ण एक तास रेकॉर्डिंग झालं आणि त्या एका तासात थाळ्या तसूभरही हलल्या नाहीत. फोन उचलून मी चार्जिंगला लावायला आत गेले, बाहेर आले... तुम्हाला कळलंच असेल. मी शेडमध्येच बसून रडले. रागानं, बरं का.

पुढचं मात्र नीट वाचा, कारण माझं सगळं शिक्षण इथे येऊन अडलंय.

स्टीअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारे दोन दांडे असतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. मी दोन्ही दांडे सोडवून पार बाजूला काढून ठेवले. आता डाव्या थाळीचा उजव्या थाळीशी काहीही संबंध उरला नव्हता आणि दोन्हींचा स्टीअरिंगशीही नव्हता. दोन सुटी दारं असावीत तशा त्या होत्या. मी एक मुद्दाम आत वळवली, एक बाहेर. ताईच्या सासरहून आलेल्या बुंदीचा डबा उघडायला आईनं हाक मारली म्हणून पाच मिनिटं आत गेले.

आले तेव्हा दोन्ही उजवीकडे. सारख्याच. मी कोनमापकानं मोजलं. एका अंशाचाही फरक नव्हता.

अण्णा उंबऱ्यावर उभे होते. पुढे येऊन त्यांनी एकेका थाळीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "सुवर्णे, हे तुमच्या कॉलेजात शिकवत्यात का?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला त्याचंच जास्त लागलं. वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं की अण्णांनी भंगार आणलंय ते पोरगी इंजिनिअर होतेय या भरवशावर. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मग, इंजिनेर बाई, कवा फिरवताय?" आणि मोटरसायकल आठवड्यातून दोनदा नगरला जातच होती. आईला बांधून.

मी ठरवलं, वळतंय तर वळू दे. मी सगळे भाग नवे टाकले, दांडे, सांध्यातले रबरी बुश, सगळं. सलीमभाईंनी स्वतः बसवून दिलं. संक्रांत उलटून दोन आठवडे झाले होते. गाडी चालू झाली, आवाज असा गोड की आई बाजेवरून उठून बघायला आली. अण्णा चालवायला बसले, मी शेजारी. आईला आम्ही म्हटलं, एकदा नुसतं नगरला जाऊन येतो, मग तू.

वस्तीतून हायवेला लागलो आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली.

उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे. अण्णांचे दंड दुखून आले. नगरपर्यंत ते स्टीअरिंगशी कुस्ती खेळत होते. "ह्याच्यात तुझ्या आईला न्यायचं?" एवढंच ते दोनदा म्हणाले. नगरला चहा प्यायलो, परत फिरलो — आणि येताना गाडी डावीकडे ओढायला लागली.

सलीमभाईंना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "जाताना उजवीकडं, येताना डावीकडं? ताई, रस्त्याचा उतार कडंला असतो, म्हणून जुन्या गाड्या डावीकडं वढत्यात. उजवीकडं वढनारी हजारात एक. दोन्हीकडं वढनारी गाडी न्हाई, मग ती राजकारणात जाती."

चाकांची दिशा मशीनवर तपासणारं एक दुकान केडगावात आहे, पुणे रोडला. तिकडे गेलो. नगरहून केडगावला जाताना आणखी नवीन प्रकार. गाडी ना डावीकडे ओढत होती ना उजवीकडे. ती पुढेच जायला तयार नव्हती. ब्रेक धरल्यासारखी. सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरवर. मागचे हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देत होते. मी मनातल्या मनात क्लचचं काम काढलं.

दुकानातल्या माणसानं गाडी मशीनवर चढवली, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "ताई, शून्य आहे. नवीन गाडीला पण एवढं परफेक्ट नसतं. काय काम करू?"

"पण ओढतेय हो."

"गाडी सरळ आहे. तुम्ही लोकच वाकडे बसत असाल."

केडगावहून परत नगरकडे निघालो आणि गाडी बाणासारखी. ना ओढणं, ना दम. अण्णांनी दोन्ही हात सोडून तंबाखू मळली. मी ओरडले. ते म्हणाले, "अगं, बघ तर, तिला ठावं हाय कुठं जायचं."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याचा नकाशा छापून आणला आणि अंगणात पसरला. घरी उभी असताना गाडीचं तोंड पश्चिमेला, वळायची उजवीकडे, म्हणजे उत्तरेला. एक रेघ. केडगावहून पळाली ती ईशान्येला. दुसरी रेघ. सोलापूर रोडवर जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे — पण जाताना जो उजवा हात तोच येताना डावा हात, म्हणजे रस्त्याची बाजू एकच, पूर्वेकडची. दोन्ही वेळा गाडी एकाच बाजूला ओढत होती, आम्हीच उलटे फिरलो होतो. तिसरी रेघ. तीन रेघा एका ठिपक्यात मिळाल्या असं मी म्हणणार नाही, कारण मिळाल्या नाहीत. एक लांबट त्रिकोण झाला. त्या त्रिकोणात पाच-सहा गावं होती. त्यातलं एक घोडेगाव.

आई बाजेवर पडून बघत होती. आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं.

"ह्या रेघा कसल्या गं?"

मी सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती.

आईनं मान वर केली आणि माझ्याकडे न बघता अण्णांना हाक मारली. "अवो... गाडी आणली तवा दावं संगं आणलं का तुमी?"

अण्णा शेडमधून बाहेर आले. त्यांचा चेहरा पडला होता. आईला काय विचारायचंय ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मला समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे जनावर विकलं की दावं विकणारा ठेवून घेतो. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं. जुन्या दाव्यासकट जनावर नेलं तर ते नव्या गोठ्यात रमत नाही, सारखं जुन्या दावणीकडे ओढतं.

"बैल आणायला गेलात तर चार गोष्टी बघून येता," आई म्हणाली. "अन् गाडी आणताना अक्कल त्यांच्या गोठ्यात ठिवून आलात व्हय?"

"गाडीला कुठं दावं असतं?" अण्णा म्हणाले.

"मग बांधलं हुतं कशानं?"

मी मध्ये पडले. खूप बोलले. गाडी म्हणजे लोखंड, तिला कुठला आला गोठा, आपण विसाव्या शतकात तरी आहोत का, वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मला काय कळतंय? चार बुकं तू शिकलीस. तुला कळलं का, का वढती ती?"

मला कळलं नव्हतं.

"मग दावं देऊन या. न्हाई थांबली तर भंगारात घाला. मला काय, मी जाते बांधून."

हे शेवटचं ती सहज बोलली, पण अण्णा लगेच चपला शोधायला लागले.

घोडेगावला जायला निघालो. नगरपर्यंत कुस्ती, पण नगर सोडून संभाजीनगर रोडला लागल्यावर केडगावहून परतताना झालं तेच. गाडी सुतासारखी सरळ. अण्णांना ॲक्सिलरेटरही फार दाबावा लागत नव्हता. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला कुणाशीही बोलायचं नव्हतं.

बाजारचा दिवस होता. गर्दीतून नानांच्या घरी पोचलो. बाळासाहेब कामावर गेलेला. दारात नानांच्या पत्नी बसल्या होत्या, सगळे त्यांना नानी म्हणतात. पंचाहत्तरीच्या असतील. सौद्याच्या वेळी त्या घरी नव्हत्या, आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. अण्णांनी स्वतःची ओळख सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या गाडीकडे बघून म्हणाल्या, "आलात का? दावं आणलं?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" माझा आवाज चढलेला होता, हे कबूल करते.

"मी लेकीकडं गेल्ते नेवाश्याला. आले तर गाडी न्हाई अन् खुंट्याला दावं बी न्हाई. बाळ्याला म्हणलं, दावं दिलंस? तर म्हणतो, रस्सीचं काय एवढं! आता क्लार्काला काय बोलायचं?" मग अण्णांकडे वळून, "तुमी बी जानता मानूस दिसता. तुमाला कळू नये?"

अण्णांनी डिकीतून दावं काढून त्यांच्या हातात दिलं. नानींनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि मांडीवर ठेवलं.

"तुमचं दावं आणलंय का?"

आणलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला. अण्णा बाजारात गेले. दाव्याच्या दुकानदारानं त्यांना विचारलं म्हणे, बैलाला की म्हशीला? अण्णा म्हणाले, "चारचाकीला." दुकानदारानं जाड दिलं.

ते येईपर्यंत नानींनी हळदी-कुंकवाचा करंडा आणि एक भाकरी आणली. करंडा माझ्या हातात दिला. "मी लावलं तर लोकं बोलत्यात. तू लाव." मी म्हणणार होते की लोकांना बोलू द्या, तुम्हीच लावा. पण त्यांनी आधीच माझं मनगट धरून गाडीसमोर नेलं होतं. वर्गात जिला पुरावा मॅडम म्हणतात तिनं, बाजारच्या दिवशी, पन्नास माणसांच्या समोर, गाडीच्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. दोन म्हाताऱ्यांनी जाता जाता हात जोडले.

नानी भाकरी घेऊन पुढे आल्या. जाणाऱ्या जनावराला भाकरी चारतात. त्या गाडीच्या दिव्यांपाशी भाकरी धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग वळून माझ्या हातात दिली. "धर, तूच खा. ती काय खानार."

मी खाल्ली. भूक लागली होती.

अण्णांनी नवं दावं आणून जुन्याच्या जागी डिकीत टाकलं. "कशाला घेतली गाडी?" नानींनी विचारलं.

अण्णांनी सांगितलं. मोटरसायकल, उपरणं, सगळं. नानींनी ऐकलं, मग जुनं दावं उजव्या हातात धरून डाव्या तळव्यानं बॉनेट थोपटलं, गायीची मान थोपटतात तसं. "नाना गेलं. हितं कुनी न्हाई आता. ह्यांच्या दावणीला ऱ्हा. बाई आजारी हाय त्यांच्यात, नीट ने-आण कर तिची." आणि मागे जाऊन डिकीवर एक चापट मारली. "हं, चला."

आम्ही निघालो. मला वाटलं होतं की आता गाडी माघारी ओढेल, केडगावच्या वाटेवर अडली होती तशी. नगर आलं. नगर मागे पडलं. सोलापूर रोड लागला. अण्णा स्टीअरिंग गच्च धरून बसले होते, सवयीनं. एका मोकळ्या टप्प्यावर मी म्हणाले, "सोडा हात." त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. गाडी सरळ चालत राहिली, रस्त्याच्या उतारानं जेवढी डावीकडे सरकते तेवढीच सरकत. जगातल्या कुठल्याही जुन्या गाडीसारखी.

मी ते तिथेच सोडलं नाही. चार दिवसांनी पुन्हा केडगावच्या दुकानात गेले. तोच माणूस, तेच मशीन, तेच शून्य. गाडीत काहीही बदललेलं नव्हतं. आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, नवे बुश थोडे चालल्यावर बसतात. बरोबर आहे. पण मग दिशेप्रमाणे बाजू कशी बदलत होती? वाऱ्यामुळे, म्हणाले. बरं. आणि दांडे सोडलेल्या दोन थाळ्या? त्यावर सर म्हणाले, तुझ्या निरीक्षणात चूक असेल. असेल. मी रोज स्वतःला तेच सांगते. पण तो कोनमापक मी हातात धरला होता.

नानींना फोन करून विचारावंसं वाटतं की तुम्हाला नक्की काय माहीत होतं. पण त्या म्हणणार, दावं. त्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. आईच्या लेखीही. अडकलेली आहे ती फक्त मी.

घोडेगावहून आल्यावरच्या डायलिसिसला आईला पहिल्यांदा गाडीतून नेलं. येताना मी तिला मागच्या सीटवर आडवं केलं, उशी दिली. दुपारचे अडीच वाजले होते. नगर सोडायच्या आतच तिला झोप लागली. पावसाळ्यात घसरली तेव्हापासून डायलिसिसहून येताना ती कधी झोपली नव्हती, कारण झोपली तर पडेल या भीतीनं ती स्वतःला चिमटे काढत यायची. हे मला त्या दिवशी कळलं, तिच्या मनगटावरचे डाग बघून.

घरी पोचलो. अण्णांनी गाडी कडुलिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. मी उतरून मागचं दार उघडायला हात घातला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग मी परत पुढे येऊन बसले आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, काचा खाली करून, ती आपणहून उठेपर्यंत. तासभर तरी झाला असेल. मी घड्याळ बघितलं नाही.